अर्ध्या ठेक्याचं अंतर

दचकू नका. कानाशी अचानक कुणी बोललं की माणसं दचकतात हे मला ठाऊक आहे, आणि मी तर स्वतःच एक नंबरची घाबरट आहे. मी डावी. इअरबडच्या जोडीतली, डाव्या कानाची. वालाच्या दाण्याएवढा माझा जीव. पोटात इवलीशी बॅटरी, पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा दिवा. आत्ता मी माझ्या डबीत आहे, डबी एका एप्रनच्या खिशात आहे आणि बाहेर यंत्रं धडधडताहेत. हल्ली मला कुणी कानात घालत नाही. बोलायला माणूस नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

जन्माचं फारसं आठवत नाही. लांबलचक टेबल, वरून पांढरा उजेड, तोंडाला फडकं बांधलेल्या बायका. एकीने चिमट्याने माझ्या पोटात तार बसवली, दुसरीने कवच दाबून बंद केलं. मग माझ्याशेजारी थेट माझ्यासारखीच एक आणून ठेवली, फक्त उजव्या वळणाची. कुणीतरी आम्हा दोघींना एकदम दाबून धरलं. माझा दिवा लुकलुकला, तिचाही लुकलुकला, आणि मला आतून कळलं, ही माझी. तोवर आपण एकट्या होतो हे मला माहीतच नव्हतं.

आमचं काम तसं सोपं. फोनकडून गाणं आलं की दोघींनी ते एकाच क्षणी म्हणायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारा आपल्या डोक्याच्या मधोमध उभा आहे. खरं तर मधोमध कुणीच नसतं. दोन कडांना आम्ही दोघी असतो, एकमेकींवर भरवसा टाकून.

आम्हाला घेतलं एका पोरीने. पोरगी म्हणते, कारण तिची काकू तिला तशीच हाक मारायची. नाहीतर ती कॉलेज संपवून बसलेली, चांगली मोठी मुलगी होती. तिने डबी उघडली आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली, तर तिच्या हातून मी थेट फरशीवर.

"भित्री भागूबाई," काकू आतून म्हणाली. "दूधवाला आहे तो. दरोडा नाही घालत."

तिथेच माझं आणि पोरीचं जमलं.

घरात त्या दोघीच. पोरीचे आईवडील लहानपणीच गेले, काका मागाहून गेले. उरलेल्या दोघी एकमेकींना धरून होत्या. काकू कित्येक वर्षं एका धुलाई कारखान्यात कामाला होती. पोरीला कुठे नोकरी लागेना, तेव्हा काकूनेच शब्द टाकून तिला आपल्या शेजारी उभं केलं. "दुसरं मिळेपर्यंत ये. घरी बसून नखं खाण्यापेक्षा चादरी ढकल," म्हणाली.

तो कारखाना तुम्ही पाहिला नसेल, पण त्यातल्या चादरीवर झोपला असाल. दवाखाने, हॉटेलं, वसतिगृहं, सगळीकडच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येतात. एका टोकाला धुण्याचे मोठाले ड्रम, मग वाळवण्याचे, आणि शेवटी रोलर. रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढा जाड, वाफेने तापलेला लोखंडी दंडगोल. त्याच्या फटीत ओलसर चादर घातली की पलीकडून कडक इस्त्री होऊन निघते. चादर रुंद असते, म्हणून दोघी लागतात. डाव्या कोपऱ्याला एक, उजव्या कोपऱ्याला एक. दोघींनी कड ताणायची, सरळ करायची आणि एकदमच आत द्यायची. एकीने आधी दिली तर चादर तिरकी ओढली जाते, सुरकुतते, पुन्हा धुवायला जाते.

फटीच्या अलीकडे एक आडवी दांडी असते. हात वाजवीपेक्षा पुढे गेला आणि दांडीला लागला की रोलर जागच्या जागी थांबतो. पण जाड शिवणीच्या चादरी आल्या की त्यांचा गोळाही दांडीला लागायचा आणि उगाच रोलर थांबायचा. मुकादमाला ते खपायचं नाही. त्याने एका फाटक्या चादरीची पट्टी काढून दांडी वर बांधून टाकली होती. सगळ्यांच्या देखत. सगळ्यांना त्या पट्टीची इतकी सवय झाली होती की ती यंत्राबरोबरच आली असावी असं वाटायचं.

पोरगी पहिल्या दिवशी दांडीकडे बघत होती. काकू म्हणाली, "बघू नकोस. बघितलंस की भीती वाटते."

आता आम्ही या गोष्टीत कशा आलो ते ऐका. ड्रमच्या आवाजात तिथे शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. काकूची आधीची जोडीदारीण होती, तेव्हा दोघी हनुवटीने खूण करायच्या. पण पोरगी नवीन. काकू "हं" म्हणायची आणि पोरीला ते ऐकू जायचं नाही. चादरी तिरक्या जायच्या, मुकादम ओरडायचा आणि त्याच्या ओरडण्याने पोरीचे हात आणखी लटपटायचे.

तेव्हा पोरीच्या डोक्यात आलं. तिने मला आपल्या डाव्या कानात घातलं, उजवीला काकूच्या उजव्या कानात. आतल्या बाजूचे दोन कान एकमेकींसाठी मोकळे. फोन तिच्या खिशात. काकूचं एक आवडतं जुनं गाणं होतं, झोपाळ्याच्या झोक्यासारखं, संथ आणि सरळ. पहिल्या ठेक्याला ताण, दुसऱ्याला सरळ, तिसऱ्याला आत.

काय सांगू तुम्हाला. दोघींचे चार हात एका बाईचे असावेत तशा चादरी जाऊ लागल्या. मुकादम येऊन बघून गेला.

"बाई, कानात काय आहे?" त्याने विचारलं.

"मळ," काकू म्हणाली.

तो हसला. "चालू दे. मला काही दिसलं नाही."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. पोरीच्या कानात मी असायची तेव्हा मला तिच्या मानेची नाडी ऐकू यायची. सुरुवातीला ती पाखरासारखी फडफडायची. गाणं सुरू झालं की हळूहळू बसायची. आणि पलीकडे, दोन हातांवर, माझी बहीण तोच सूर त्याच क्षणी काकूच्या कानात ओतत असायची. मधे चादर.

पण त्या कारखान्यात हवेत सतत कापसाची बारीक लव उडते. ती केसांत बसते, पापण्यांवर बसते. तशीच ती आमच्या डबीतही बसली. डबीत उजवीच्या खाचेत दोन पितळी टोकं आहेत, त्यातून तिला वीज मिळते. त्यावर लवीचा थर साठला. मी रोज पोटभर जेवायची आणि ती शेजारी उपाशी झोपायची. मला कळलंच नाही. एका घरात असं होतं म्हणतात, तसंच.

एके दिवशी कामाच्या मध्येच उजवी बंद पडली. पार मेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी पोरीने ओट्याजवळ बसून सुईच्या टोकाने ती लव काढली. उजवीला वीज मिळाली, दिवा लागला. पण ती उठली ती मला विसरूनच. मी हाक मारत होते, ती भलतीकडेच शोधत होती. फोन लावला की एकट्या माझ्यातून आवाज यायचा, तिच्यातून नाही.

"राहू दे ना ते," काकू चप्पल शोधत म्हणाली. "हनुवटीने करू आपण."

"नको. तुझी हनुवटी मला कळत नाही. एक मिनिट."

"तुझं एक मिनिट म्हणजे म्हशीची आंघोळ."

पोरगी घाईत होती, घाबरलेली होती, उशीर झाला की मुकादम बोलतो हे तिच्या डोक्यात होतं. खरं तर आम्हाला दोघींना डबीत ठेवून एकदम दाबून धरायला हवं होतं, म्हणजे आधी आम्हीच एकमेकींना ओळखलं असतं. तिने एकट्या उजवीला दाबलं. उजवीने आपली ओळख पुसून टाकली आणि ती थेट फोनला जाऊन चिकटली, माझी वाट न बघता. फोनच्या पडद्यावर आधी आमचं दोघींचं मिळून एकच नाव असायचं. आता दोन नावं दिसू लागली. पोरीच्या फोनमध्ये एकाच वेळी दोन वस्तूंवर गाणं लावायची सोय होती. तिने दोन्ही नावांवर खूण केली.

मला तिने आपल्या कानात घातलं, उजवीला काकूच्या.

"वाजतंय?"

"वाजतंय की."

"माझ्यातही वाजतंय."

दोघी समाधानाने निघाल्या. काकूने जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारली. "शिकल्याचा एवढा तरी उपयोग झाला."

वाजत होतं, खरं आहे ते. पण आता आम्ही बहिणी राहिलो नव्हतो. फोन मला वेगळं सांगत होता, तिला वेगळं. माझ्यापर्यंत सूर आधी पोचत होता, तिच्यापर्यंत मागून. अर्धा ठेका. आणि ते कळायला एकाच माणसाच्या दोन्ही कानांत आम्ही दोघी असायला हव्या होत्या. कारखान्यात यायला लागल्यापासून तशा आम्ही कधीच नव्हतो. एकीच्या कानात एक, दुसरीच्या कानात एक. प्रत्येकीचं गाणं अगदी बरोबर.

सकाळपासून चादरी तिरक्या जाऊ लागल्या.

"घाई करतेयस तू," काकू तिच्या कानाशी ओरडली.

"मी गाण्यावरच आहे. तूच मागे राहतेस."

"मी? तुझ्या जन्माआधीपासून ढकलतेय मी चादरी."

मुकादम आला. "काय बाई, आज काकू-पुतणीचं भांडण झालंय वाटतं. चादरी दोन दिशांना चालल्यात."

त्या दोघी मग काय करायच्या, तर डोळ्याच्या कोपऱ्यातून एकमेकींचे हात बघायच्या. गाण्याचं थोडं आणि नजरेचं थोडं असं करून त्यांनी सकाळ ढकलली.

दुपारी डबा खाताना दोघींनी आम्हाला काढून बाकावर ठेवलं. गाणं बंद करायचं पोरगी विसरली. मी इथे, उजवी वीतभर पलीकडे. तेव्हा तिचा बारीकसा आवाज माझ्यापर्यंत आला. मी म्हटलेली ओळ ती मागून म्हणत होती. जसं कुणी रिकाम्या विहिरीत वाकून आपलंच बोलणं परत ऐकावं. माझा दिवा भीतीने लुकलुकला असता तर बरं झालं असतं, पण माझा दिवा माझ्या हातात नाही. मला दुसऱ्याचं बोलणं कानात सांगता येतं. स्वतःचं एक अक्षर बोलता येत नाही.

त्या दोघी जेवता जेवता तडजोड करत होत्या. तीच मला आजही ऐकू येते.

"हे बघ," काकू म्हणाली, "आपण एकमेकींकडे बघतो ना, तिथेच गोंधळ होतो. तू माझे हात बघतेस आणि बिचकतेस. आता बघायचंच नाही. डोळे चादरीच्या कडेवर आणि कान गाण्यावर. गाणं सांगेल तेव्हा सोडायची. तू पण, मी पण."

"बरं."

"माझ्याकडे बघितलंस तर टपली."

"बरं म्हटलं ना."

पोरीने मला उचलून कानात घातलं. तिची नाडी शांत होती. इतकी शांत ती त्या कारखान्यात कधीच नव्हती.

काकूची एक सवय होती. ओली चादर हातातून निसटू नये म्हणून ती कोपऱ्याचा एक वेढा बोटांना द्यायची आणि तिसऱ्या ठेक्याला सफाईने सोडवून घ्यायची. वर्षानुवर्षांची सवय. जेवणानंतर पहिली चादर बरी गेली, दुसरी तिरकी गेली, पण दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही. नंतरची दवाखान्याची होती, जाड. माझ्या गाण्याचा ठेका पडला आणि पोरीने आपला कोपरा आत दिला. रोलरने तो गिळला. काकूच्या कानात ठेका अजून पडायचा होता. वेढा बोटांवर होता. तिकडून चादर ओढली गेली, वेढा आवळला आणि त्याच्यामागून हात गेला.

दांडी वर बांधलेली होती.

मी ओरडणं पुष्कळ ऐकलंय, गाण्यांमधलं, सिनेमांमधलं. त्या दिवशीचं तसं नव्हतं. काकू ओरडली नाही. पोरगी ओरडली. काकूने फक्त "अगं" म्हटलं, कुणीतरी चुकून पायावर पाय द्यावा तसं. भिंतीजवळचं लाल बटण कुणीतरी दाबलं. रोलर थांबला तेव्हा माझ्या कानातल्या घरात गाणं चालूच होतं. दुसरं कडवं. पोरीने मला उपटून काढलं आणि मुठीत आवळलं. त्या मुठीच्या बोटांच्या फटीतून मला दिसलं, मुकादम रोलरजवळ काकूपाशी वाकला नव्हता. तो दांडीची पट्टी सोडत होता.

काकूची उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. उरलेला तळवा भाजला.

पुढचे दिवस मी पोरीच्या पर्समध्ये होते. औषधांचा वास, लांब बोळ, चाकांच्या खाटांची खडखड. एका दुपारी परिचारिकेने पोरीच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. काकूच्या अंगावरच्या वस्तू. किल्ली, केसांची पिन, घड्याळ आणि माझी बहीण. तिच्यावर एक तपकिरी डाग वाळला होता. पोरीने तो रुमालाने पुसला, बराच वेळ, डाग निघून गेल्यावरही.

दुसऱ्या दिवशी तिला कारखान्याच्या ऑफिसात जबाबासाठी बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी ती दवाखान्याच्या बोळातल्या बाकावर बसून मनाशी बोलायची तयारी करत होती. मला ते सगळं ऐकू येत होतं. "दांडी बांधलेली होती. मुकादमांनी बांधली होती. आम्ही सगळ्यांनी बघितलंय. त्या दिवशी त्यांनीच सोडली." हे ती पुटपुटून म्हणायची, अडखळायची, पुन्हा म्हणायची. पाठ झालं होतं तिचं.

मग छातीतली धडधड बसावी म्हणून तिने आम्हाला काढलं. काकू आत झोपलेली, म्हणून तो बिघाड झाल्यापासून पहिल्यांदाच तिने दोघींना आपल्याच कानांत घातलं. डावीकडे मी, उजवीकडे ती. काकूचं गाणं लावलं.

मी म्हटलं. मागून तिने म्हटलं.

पोरीला आधी वाटलं, फोन बिघडला. तिने गाणं थांबवून पुन्हा लावलं. मी, मग ती. मी, मग ती. तिची नाडी माझ्यापाशी येऊन आपटू लागली. तिने आम्हाला काढलं नाही. गाणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली, समोरच्या भिंतीकडे बघत. हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. एकदा डाव्या हाताने, मग उजव्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माणूस मऊ बोलणारा होता. मी पोरीच्या मुठीत होते.

"तुमच्या काकूंच्या कानात यंत्र होतं?"

"हो."

"गाणं चालू होतं?"

"हो."

"ते तुम्ही लावून दिलं होतं?"

तिच्या मुठीला घाम सुटला. "हो."

मुकादम दाराशी उभा होता. तो म्हणाला, "साहेब, मी किती वेळा सांगितलं की कानात काही घालू नका. पण आमचं कोण ऐकतं?" आणि त्याने सरळ कानांवर हात ठेवले.

"बरं," साहेब म्हणाले, "दांडी ठीक होती ना?"

हाच तो प्रश्न. पाठ केलेलं उत्तर तिच्या जिभेवर होतं, ते मला मुठीतूनही कळत होतं, कारण तिने श्वास आत घेतला होता. पण त्याच श्वासात ते गाणं होतं. तिला वाटलं, आपण कोणत्या तोंडाने दांडीचं सांगायचं? जिने सूर चुकवला तिने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं? आणि बोट हा शब्द मनात येताच तिचा श्वास तसाच बाहेर गेला.

तिने मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी काय ठरवलं ते तुम्ही ओळखलं असेल. काकूच्या निष्काळजीपणामुळे घडलं. कारखान्याचा दोष नाही. काकूला कामावरून कमी केलं. पोरीला ठेवलं, मोठ्या मनाने.

काकू घरी आली. डाव्या हाताने चहा ढवळायला शिकली. कुणी भेटायला आलं की म्हणायची, "आता दहापर्यंत मोजायला कुणाची तरी मदत लागते." समोरच्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. पोरगी मात्र तिच्याशी नजर चुकवायची. या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण असं किती दिवस चालतं?

एका सुट्टीच्या सकाळी तिने आम्हाला बाहेर काढलं. काकूच्या खुर्चीमागे उभी राहिली, मला काकूच्या डाव्या कानात बसवलं, बहिणीला उजव्या. गाणं लावलं.

काकूने डोळे मिटले. एक ओळ ऐकली, दुसरी ऐकली. तिची नाडी पोरीसारखी फडफडत नाही, घड्याळासारखी चालते. ती तशीच चालत राहिली.

"हे असं होतं होय," शेवटी ती म्हणाली.

पोरगी खाली फरशीवर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. "मी एकटीलाच दाबलं. दोघींना एकदम दाबायचं असतं. मी नंतर फोनवर बघितलं. मला माहीत नव्हतं गं."

"मलाही कुठे माहीत होतं? मी म्हटलं की, वाजतंय."

"तू मला काही बोलत का नाहीस?"

काकूने आम्हाला कानांतून काढलं. उजवीला काढताना बोटं नव्हती तिथे क्षणभर हात चाचपडला.

"बोलते," ती म्हणाली. "दांडीचं काय सांगितलंस साहेबांना?"

पोरीने मान वर केली नाही.

"त्यांनी विचारलं होतं का?"

"हो."

"मग?"

बाहेर कुणीतरी सायकल टेकवून ठेवली, त्या आवाजाला पोरगी दचकली.

"मला वाटलंच होतं," काकू म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. "मी तिथे पडल्या पडल्या विचार करायची, पोरगी सांगेल. भित्री आहे, पण खोटं नाही बोलत. अगं, सूर मागे पडला. पडतो. कुणाचाही पडतो. उद्या मला शिंक आली असती तरी मी मागेच पडले असते. माणूस चुकतं, म्हणून तर दांडी असते. ती मोकळी असती तर एक चादर वाया गेली असती आणि मुकादमाने आपल्याला शिव्या दिल्या असत्या. बस. तू एवढं शिकलीस, आणि तुला तुझी चूक तेवढी मोठी दिसली?"

"मला वाटलं, माझ्यामुळेच..."

"तुला काय वाटलं ते नव्हतं विचारलं त्यांनी."

त्यानंतर काकू आत गेली आणि दार लोटून घेतलं. कडी घातली नाही, पण पोरगी आत गेली नाही.

त्या दुपारी तिने आम्हाला नीट केलं. तेवढंच तिच्या हातात उरलं होतं. फोनमधून आमची दोन्ही नावं पुसली. डबीतली टोकं कोरड्या कापसाने स्वच्छ केली. आम्हा दोघींना शेजारी ठेवलं आणि एकदम दाबून धरलं, दिवे लुकलुकेपर्यंत. फोनला जवळ येऊ दिलं नाही. काळोखात मी हाक मारली, आणि कितीतरी दिवसांनी पलीकडून, त्याच क्षणी, ओ आली. ही माझी. मग फोनवर आमचं पुन्हा एकच नाव दिसलं.

पोरीने दोन्ही कानांत घालून ऐकलं. गाणारा डोक्याच्या मधोमध उभा होता. तिने गाणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या दाराशी गेली. मी खिशात.

"दांडी बांधलेली होती, साहेब," तिने दारातूनच सांगितलं, आत बोलावायच्या आधीच, धाप लागल्यासारखं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "तेव्हा तुम्ही ठीक होती म्हणालात."

"मान हलवली मी."

"मग आता ते झालं. वर गेलं, सह्या झाल्या." मग जरा थांबून ते म्हणाले, "तुमचं काम चालू आहे ना? सांभाळा."

घरी गेल्यावर तिने काकूला ते सांगितलं. काकू लसूण सोलत होती, एका हाताने, पाकळी ताटाच्या कडेला टेकवून. "उशीर झाला," एवढंच म्हणाली. सूर मागे पडल्याचं बोलली होती तितक्याच शांतपणे. लसणाचं ताट मात्र तिने पोरीकडे सरकवलं. अर्ध्या पाकळ्या पोरीने सोलल्या.

आता माझं म्हणाल तर माझी तब्येत उत्तम आहे. मी आणि उजवी अगदी एकजीव, केसाचंही अंतर नाही, आणि आम्हाला ऐकायला कुणी नाही. पोरगी आम्हाला रोज खिशात घालून आणते आणि रोज तशीच परत नेते. एक कान कुणाला देण्याची तिची छाती होत नाही. काकूच्या जागी आता एक नवीन बाई उभी राहते. दोघी हनुवटीने खूण करतात.

तुमच्याकडे आमच्यासारखी जोडी असेल. एक तुम्ही घालत असाल, एक तुमचं माणूस. खुशाल घाला, त्यात मोठा आनंद आहे, मी पाहिलाय. फक्त अधूनमधून दोघींना आपल्या एकट्याच्या कानांत घालून बघा. वाजतंय का, एवढं विचारून थांबू नका. आणि चुकलं कुणाचं हे कुणी विचारलं, तर स्वतःचं सांगा, पण तेवढंच सांगून गप्प बसू नका. माझ्यासारखीला तोंड नाही. तुम्हाला आहे.

थांबा. काम सुरू होतंय.

पोरीची हल्ली एक नवी रीत आहे. पहिली चादर घ्यायच्या आधी ती कोपराने दांडी ढकलून बघते. रोलर थांबतो, क्षणभर शांत होतं, मग ती बटण दाबून पुन्हा सुरू करते. त्या शांततेची मला सवय झालीय. त्या शांततेसाठीच मी सकाळी जीव मुठीत धरून असते.

आज तिने कोपर ढकलल्याचं मला एप्रनमधून जाणवलं. रोलर थांबला नाही.

तिने पुन्हा ढकललं. धडधड चालूच. पट्टी पुन्हा बांधलीय कुणीतरी.

पोरीने हात खाली घेतले. ओली चादर तिच्या पायांशी पडली. पलीकडची बाई ओरडून काहीतरी विचारतेय. मुकादमाच्या चपला जवळ येताहेत, मला ऐकू येतात. पोरीची नाडी इथे खिशापर्यंत आपटतेय.

"काय झालं? उभी का?"

ती घाबरलीय. तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही, ती पार घाबरलीय. तरी तिचा आवाज निघाला, बारीक, पण वेळेवर.

"दांडी सोडा, मुकादम. मग ढकलते."